श्वार्ट्झ यांचा शिष्य : तंजावरचे सरफोजीराजे

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या सुपीक खोऱ्यात भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. आजही दक्षिणेच्या प्रवासाला गेलेले मराठी कुटुंब तेथील बृहदीश्वराचे प्रचंड मंदिर पाहते, राजवाडा पाहते, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावते आणि पुढच्या गावाला निघते. शिवगंगा बागेजवळ उभ्या असलेल्या एका जुन्या चर्चकडे मात्र सहसा कोणाचे पाऊल वळत नाही.

हे चर्च १७७९ मध्ये बांधले गेले. त्याच्या आत पांढऱ्या संगमरवरात कोरलेले एक शिल्प आहे. एक वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर पडला आहे. उशाशी त्याचा सहकारी उभा आहे, पायथ्याशी शाळेतील मुले आहेत आणि शय्येजवळ मराठी पोशाखातील एक तरुण राजपुत्र त्या वृद्धाचा हात हाती घेऊन उभा आहे. वृद्ध म्हणजे रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजपुत्र म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. इंग्लंडमधील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने हे शिल्प घडविले आणि ते घडवून घेण्याचा खर्च केला तो स्वतः सरफोजीराजांनी. एका हिंदू राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी उभारलेले हे स्मारक आहे.

सरफोजीराजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. ते अखेरपर्यंत आपल्या कुलधर्माने वागले, काशीयात्रेला गेले, देवळांना दाने दिली. म्हणून मिशनकार्याचा जमाखर्च मांडणाऱ्या काहींना श्वार्ट्झ यांचे या मुलावरील श्रम वाया गेल्यासारखे वाटले. ते खरोखरच वाया गेले काय, हे या राजाच्या चरित्रावरूनच ठरवावे लागेल.

कोंडलेले बालपण

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांची मुले त्यांच्या हयातीतच निवर्तली होती. स्वतः राजेही आजाराने खंगले होते. जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाचा सांभाळ करण्याची विनंती केली.

श्वार्ट्झ त्या वेळी साठीत होते. प्रशियातील सोनेनबुर्ग येथे १७२६ मध्ये जन्मलेला हा पुरुष हाले येथे शिकून १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. त्यांनी लग्न केले नाही. तमिळ त्यांना मातृभाषेसारखी येत होती. फारसी, हिंदुस्तानी व पोर्तुगीज त्यांनी कामापुरत्या आत्मसात केल्या होत्या आणि तंजावरच्या दरबारी थेट बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले होते. त्यांच्या सचोटीची ख्याती एवढी होती की १७७९ मध्ये कंपनी सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी त्यांनाच श्रीरंगपट्टणला पाठविले. पुढे युद्धाच्या दिवसांत तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपले, तेव्हा राजाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी श्वार्ट्झ यांच्या शब्दावर धान्य आणि बैल दिले.

अशा माणसाच्या ओटीत राजाने आपला मुलगा घातला. श्वार्ट्झ यांनी मात्र राज्यकारभाराची जबाबदारी घेण्यास नकार दिला आणि राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना मुलाचे पालक नेमावे, असे सुचविले. सल्ला सद्हेतूने दिलेला होता. पण तो चुकला. तुळजाजी वारल्यावर अमरसिंहांनी पंडितांकडून दत्तविधान अशास्त्रीय ठरवून घेतले आणि कंपनीच्या संमतीने ते स्वतः गादीवर बसले. सरफोजींना राजवाड्यातील एका खोलीत जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले. मुलाला सूर्यप्रकाश दिसेना, शिक्षण मिळेना, मोकळेपणी कोणाशी बोलता येईना.

आपल्या सल्ल्याचे हे फळ पाहून श्वार्ट्झ स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे पुनःपुन्हा दाद मागितली, मुलावर पहारा बसवून घेतला, त्याच्या शिक्षणाची सोय लावली आणि अखेर १७९३ च्या आरंभी त्याला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला सुरक्षित हलविले. तेथे त्यांचे सहकारी रेव्ह. गेरिके यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, सृष्टिज्ञान असे विषय ते मन लावून शिकले. इकडे श्वार्ट्झ यांनी दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा उकरून काढला. पंडितांचा निर्णय लाच देऊन मिळविलेला होता, हे त्यांनी कंपनीच्या नजरेस आणले. अनेक वर्षांच्या या खटपटीला यश आले; पण ते पाहण्यास श्वार्ट्झ उरले नाहीत. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे त्यांचे निधन झाले. २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले.

श्वार्ट्झ यांच्या अखेरच्या आजारात सरफोजी त्यांच्या भेटीस गेले होते. अंत्यविधीच्या वेळी या वीस वर्षांच्या राजपुत्राने गुरूच्या देहापाशी उभे राहून अश्रू ढाळले, त्यावर जरीचे वस्त्र पांघरले आणि थडग्यापर्यंत सोबत केली, असे तेथे हजर असलेल्या मिशनऱ्यांच्या वृत्तांतावरून कळते.

गादी मिळाली, राज्य गेले

गादी मिळाली खरी, परंतु राज्य फार दिवस हाती राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कंपनीने तंजावरचा सारा कारभार आपल्याकडे घेतला. राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा भाग, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. सैन्य नाही, परराज्यांशी व्यवहार नाही, कर बसविण्याचा अधिकार नाही.

त्या काळात असे अनेक राजे झाले. पेन्शन घ्यावी, शिकार करावी, नाचगाण्यात दिवस घालवावेत आणि कर्ज करून मरावे, असाच बहुतेकांचा क्रम होता. सरफोजींपुढेही तोच मार्ग मोकळा होता. त्यांनी दुसरा निवडला. शाळा, छापखाना, ग्रंथालय, रुग्णालय, रंगभूमी आणि चित्रशाळा यांच्यावर त्यांनी आपला पैसा व वेळ खर्च केला. शब्द, सूर आणि चित्र या तिन्ही वाटांनी ज्ञान माणसापर्यंत पोहोचते, अशी त्यांची धारणा असावी, असे त्यांची कामे पाहताना वाटते. आजचे कलावंत भाषा, ध्वनी आणि प्रतिमा एकत्र आणून नवे प्रयोग करतात. तंजावरच्या एका राजवाड्यात दोनशे वर्षांपूर्वी तसेच काही चालले होते.

शब्दांची पेढी

तंजावरच्या मराठी राजांना बहुभाषिकपणाचा वारसा होता. सरफोजींचे पूर्वज शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी पंचभाषाविलास नावाचे नाटक रचले. त्यातील पात्रे पाच निरनिराळ्या भाषांतून बोलतात. सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले, तेथून आपण मराठी नाटकाचा आरंभ मोजतो. परंतु त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती. आजूबाजूला तमिळ रयत, दरबारात तेलुगू कवी, देवळात संस्कृत आणि राजघराण्यात मराठी, असा तो संसार होता. सरफोजींनी त्यात इंग्रजीची भर घातली.

१८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास दगडावर कोरवून घेतला. हा मजकूर मराठीत आणि देवनागरी लिपीत आहे, आणि लांबीच्या दृष्टीने असा दुसरा मराठी शिलालेख सापडणे कठीण. राज्य गेले तरी आपण कोण होतो हे विसरले जाऊ नये, ही त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. तमिळ देशाच्या मध्यभागी, चोल राजांनी बांधलेल्या मंदिराच्या भिंतीवर मराठी अक्षरे वाचताना आजही मराठी प्रवाशाचे मन भरून येते.

दगडाच्या पाठोपाठ शिशाची अक्षरे आली. १८०५ च्या सुमारास सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी टाइपांचा छापखाना काढला. नवविद्याकलानिधी या नावाने त्यांनी शाळा चालविल्या होत्या आणि छापखान्याचा संबंध त्या शाळांशी होता. येथून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद बाळबोध मुक्तावली या नावाने बाहेर पडला. अनुवादक होते दरबारचे सख्खण पंडित. या कालगणनेकडे ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, पण ते रोमन लिपीत. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे डॉ. विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले ते १८०५ मध्ये. म्हणजे मराठी भाषा देवनागरी मुद्रणात प्रथम उतरली ती महाराष्ट्राबाहेर, आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच श्रीरामपूरचे मिशनरी व मिशनऱ्यांचा तंजावरचा एक शिष्य हे दोघेही त्या कामाला लागलेले होते. शाळेतील मुलाच्या हाती पुस्तक यावे हा दोघांचाही हेतू होता.

ग्रंथालयाची गोष्ट याहून मोठी. सरस्वती महालाचा पाया नायक राजांच्या काळातला. मात्र त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले, आणि परतताना हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन आले. या यात्रेचे वर्णन करणाऱ्या मराठी लावण्याही रचल्या गेल्या. ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्या आहेत. मराठी हस्तलिखितांचीच संख्या तीन हजारांच्या घरात आहे. शिवाय राजांनी युरोपातून मागविलेली हजारो छापील पुस्तके आहेत आणि त्यांतील कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आढळते. घराण्याने जपलेला हा ठेवा १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

सुरांचा मेळ

सरफोजींच्या काळी तंजावरचा परिसर संगीताने भारलेला होता. कर्नाटक संगीताचे तीन महान रचनाकार श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही याच मुलखात जन्मले आणि सरफोजींचे समकालीन होते. दीक्षितर यांचे शिष्य चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू तंजावर दरबाराशी संबंधित होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम आपण पाहतो, तो घडविण्याचे श्रेय या चौघा बंधूंना दिले जाते. वडिवेलू हे व्हायोलिन या परदेशी वाद्याला कर्नाटक संगीतात स्थान मिळवून देणाऱ्यांपैकी एक होते.

स्वतः राजांनीही मराठीत नृत्यासाठी रचना केल्या. कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस या नावाने त्या ओळखल्या जातात. एक कथा घ्यायची आणि ती एकाच रागात व तालात, अनेक नृत्यबंधांच्या मालिकेतून आरंभापासून शेवटपर्यंत सांगायची, अशी त्यांची मांडणी आहे. शब्द मराठी, राग कर्नाटकी, नृत्य तमिळ देशीचे. आपल्या कीर्तनात कथा, गायन आणि अभिनय एकत्र येतात तसेच काहीसे हे. पुढे महाराष्ट्रातील कीर्तन दक्षिणेत रुजून त्यातून हरिकथेची परंपरा बहरली, तिचे माहेरही तंजावरच होते.

पाश्चात्य संगीताचेही त्यांना वेड होते. राजवाड्यात इंग्रजी पद्धतीचा वाद्यवृंद होता आणि त्यासाठी स्वरलिपीची पुस्तके मागविली जात. ती आजही ग्रंथालयात आहेत. बाहेरून आलेला सूर आपल्या सुराला बाटवील अशी भीती त्यांना वाटली नाही आणि आपला सूर हलका आहे असाही न्यूनगंड त्यांच्या ठायी दिसत नाही.

देवेंद्रकुरवंजी ही त्यांची मराठी कृती तर विलक्षण आहे. कुरवंजी हा तमिळ देशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, डोंगरदऱ्यांची व गावांची वर्णने करते आणि नायिकेचे भाग्य सांगते, असा त्याचा साचा. सरफोजींनी साचा तोच ठेवला. त्यांची कुरवंजी मात्र इंद्राणीला भविष्याबरोबर पृथ्वीवरील खंडे आणि देश यांची माहिती गाऊन सांगते. मद्रासला गेरिके यांच्यापाशी बसून नकाशावर शिकलेला भूगोल राजांनी मराठी गीतांत उतरविला, जेणेकरून ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याच्याही कानी तो पडावा.

डोळ्यांची भाषा

सरफोजींच्या काळात तंजावरला चित्रकारांची कमतरता नव्हती. सोन्याच्या वर्खाने मढविलेली देवादिकांची चित्रे ही तेथील खास कला. राजांनी या कारागिरांच्या कुंचल्याला आणखी एक काम दिले, ते म्हणजे डोळ्यांना दिसेल ते जसेच्या तसे रेखाटण्याचे. वनस्पती, पक्षी, प्राणी यांची चित्रे निघाली. काशीच्या घाटांची रंगीत चित्रमालिका तयार झाली. फ्रेंच चित्रकार ल ब्रून याने माणसांच्या आणि पशुपक्ष्यांच्या चेहऱ्यांतील साम्य दाखविणारी जी रेखाटने केली होती, तीही ग्रंथालयात आली आणि आजही पाहणाऱ्यांना थक्क करतात.

चित्रांचा सर्वांत हृद्य उपयोग झाला तो धन्वंतरी महालात. या संस्थेत देशी व युरोपीय अशा दोन्ही पद्धतींनी औषधे तयार करून त्यांचे परिणाम पाहिले जात. उपयोगी ठरलेली औषधे तमिळ पद्यांत गुंफून ठेवण्यात आली, कारण पद्य पाठ होते आणि दूरवर जाते. नेत्ररोगाकडे राजांचे विशेष लक्ष होते. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम यांच्या नोंदी ठेवल्या जात आणि रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेतली जात. सामान्य गोरगरिबांचे ते डोळे आहेत. कोणत्याही राजवंशाच्या चित्रसंग्रहात अशी चित्रे क्वचितच आढळतील. ज्या मुलाला लहानपणी उजेड नाकारला गेला, त्याने मोठेपणी इतरांच्या दृष्टीची एवढी काळजी वाहावी, ही गोष्ट मनात घर करून राहते.

राजवाड्याच्या दालनात पूर्वजांच्या तसबिरींबरोबर श्वार्ट्झ यांचेही चित्र लावलेले होते. १८०६ मध्ये तंजावरला आलेल्या रेव्ह. क्लॉडियस बुकॅनन यांना राजांनी ते आवर्जून दाखविले.

दोन गुरुबंधू

श्वार्ट्झ यांचा आणखी एक शिष्य या कथेत हवा. तिरुनेलवेलीकडील वेदनायकम हा मुलगा १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला तंजावरला आणले. तो सरफोजींपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. पुढे वेदनायकम शास्त्रियार या नावाने ते तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून सर्वत्र विख्यात झाले. त्यांची गीते तमिळ मंडळ्यांतून आजही गाइली जातात.

सरफोजींनी कुरवंजीतून मराठीत भूगोल गायिला, तर शास्त्रियारांनी त्याच साच्यातून तमिळमध्ये बेथलेहेम कुरवंजी रचली. येथे नायिका म्हणजे ख्रिस्ताची मंडळी आणि तिचा वर म्हणजे बेथलेहेमचा प्रभू. तिच्यातही नव्या खगोल-भूगोलाची माहिती गुंफलेली आहे. एका गुरूचे दोन शिष्य, एक सिंहासनावर आणि एक मिशनच्या शाळेत. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाची लेखणी मराठीत, दुसऱ्याची तमिळमध्ये. दोघांनीही परदेशी गुरूकडून मिळालेले ज्ञान आपल्या मातीच्या सुरात बसविले.

हे सोपे नव्हते. श्वार्ट्झ यांच्यानंतर आलेल्या नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी शास्त्रियारांचे तीव्र मतभेद झाले. उपासनेतील तमिळ गायनपद्धती आणि मंडळीतील जातीच्या चालीरीती हे वादाचे विषय होते. जातीच्या बाबतीत शास्त्रियारांची बाजू आज आपल्याला पटणार नाही आणि पटूही नये. परंतु देशी सुरांत प्रभूची स्तुती करण्याचा त्यांचा आग्रह काळाने योग्य ठरविला. या अडचणीच्या दिवसांत त्यांना आधार दिला तो त्यांच्या हिंदू गुरुबंधूने. सरफोजींनी त्यांना दरबारी कवीचा मान दिला. आपल्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन मंडळीत आणले, त्याच्या शंभर वर्षे आधी तंजावरात हाच प्रश्न उभा राहिला होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

दोष आणि मर्यादा

चरित्र लिहिताना मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सरफोजी कंपनीच्या आश्रयाने गादीवर आले आणि त्या आश्रयाची जाणीव त्यांना आयुष्यभर राहिली. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकाठी मनोरा नावाची आठ मजली वास्तू बांधली आणि तेथे मराठीसह अनेक भाषांत लेख कोरविले. दूरच्या युद्धातील परक्यांच्या विजयाचे हे स्मारक पाहताना मराठी मनाला थोडी टोचणी लागतेच. त्यांच्या दरबारातील नृत्य ज्या स्त्रियांनी जिवंत ठेवले, त्यांचे स्वतःचे जीवन देवदासीप्रथेच्या बंधनात होते. त्यांच्या छापखान्यातून थोडीच पुस्तके निघाली आणि ती महाराष्ट्रापर्यंत फारशी पोहोचली नाहीत. त्यामुळे मराठी वाङ्मयाचा प्रवाह या प्रयोगांपासून दूरच राहिला.

तरीही प्रजेच्या बाबतीत त्यांचे मन कोते नव्हते. राज्याचा कारभार सोडताना यात्रेकरूंच्या छत्रांची व्यवस्था तरी आपल्याकडे राहू द्यावी, अशी विनंती त्यांनी मद्रास सरकारला केली होती. या छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे आणि मुलांना शिक्षण मिळे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाबाईंच्या नावाचे छत्र यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती प्रजेच्या गरजाही त्यांनी ओळखल्या. आपल्या चाकरीतील ख्रिस्ती लोकांना रविवारी व सणांच्या दिवशी उपासनेला जाण्याची मुभा दिली. कण्णंतंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय केली. श्वार्ट्झ यांचे मानसपुत्र रेव्ह. कोलहॉफ यांच्याशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

अखेरचे दिवस

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. स्वतः कवी असलेल्या या बिशपांवर राजांच्या व्यासंगाचा मोठा प्रभाव पडला. युरोपातील रसायनशास्त्रज्ञ आणि निसर्गशास्त्रज्ञ यांच्या ग्रंथांवर आणि शेक्सपिअरच्या काव्यावर हा मराठी राजा अधिकाराने बोलू शकत होता. हेबर यांनी श्वार्ट्झ यांची समाधी पाहिली आणि तेथील दगडावर कोरलेले इंग्रजी पद्य उतरून घेतले. ते पद्य सरफोजीराजांनी स्वतः रचलेले होते. अनाथांचा पिता आणि विधवांचा आधार म्हणून त्यांनी त्यात गुरूचे स्मरण केले आहे आणि आपण त्यांना शोभेसे व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे हेबर यांचा अकस्मात मृत्यू झाला.

७ मार्च १८३२ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी हे १८५५ मध्ये पुत्रसंतान न ठेवता वारले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. ग्रंथ, चित्रे आणि गाणी मात्र राहिली. तंजावर व त्याच्या आसपासची मराठी कुटुंबे आजही घरात तमिळ वळणाची मराठी बोलतात.

श्वार्ट्झ यांचे श्रम वाया गेले काय, हा प्रश्न आरंभी आला होता. आपल्या प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, तेव्हा उपकार स्मरून परत आला तो एकच, आणि तो परका शोमरोनी होता. प्रभूने त्याची दखल घेतली. श्वार्ट्झ यांनी कोंडलेल्या मुलाला बाहेर काढले ते त्याच्याकडून काही मिळावे म्हणून नव्हे. स्वतःचा चुकीचा सल्ला सुधारण्यासाठी ते उतारवयात दहा वर्षे झगडले. त्या मुलाने उजेडात आल्यावर शाळा काढल्या, आजाऱ्यांच्या डोळ्यांवर उपचार करविले, अनाथ मुलांना जेवू घातले, अडचणीतील ख्रिस्ती कवीला आसरा दिला आणि गुरूचे नाव दगडावर कोरून ठेवले. त्याच्या अंतःकरणाचा आणि देवाचा हिशेब आपण मांडण्याचे कारण नाही.

आपल्या मंडळ्यांत आजही शिक्षक आहेत, शब्बाथशाळा चालविणारे आहेत, वसतिगृहांत इतर धर्मांच्या मुलांना मायेने वाढविणारे आहेत. पेरलेले कोठे उगवेल हे त्यांनाही ठाऊक नसते. प्रिय वाचकहो, कधी तंजावरला जाण्याचा योग आला, तर बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी अक्षरे जरूर वाचा, सरस्वती महालातील चित्रे पाहा आणि मग थोडी वाट वाकडी करून शिवगंगा बागेजवळच्या त्या चर्चमध्येही जा. वृद्ध गुरूचा हात हाती घेतलेला तो तरुण मराठी राजा तेथे अजून उभा आहे.